लाइफ सपोर्टच्या प्रमाणपत्र परीक्षा : सराव-प्रसंग वाचावेत की करावेत?

रात्रपाळी (धागालेखिका)

बीएलएस (हृदय बंद पडलेल्या रुग्णाला वाचवण्याचे प्राथमिक प्रशिक्षण) किंवा एसीएलएसच्या (त्याच्याच औषधे आणि यंत्रांसहच्या पुढच्या प्रशिक्षणाच्या) परीक्षेला बसणारे बहुतेक जण तयारीच्या शेवटच्या टप्प्यात सराव-प्रसंगांकडे वळतात आणि त्यांतल्या पुष्कळांचा सराव एकाच पद्धतीने चालतो. प्रसंग वाचायचा, खालचे उत्तर हाताने झाकायचे, मनातल्या मनात उत्तर द्यायचे, हात बाजूला घेऊन ते पडताळायचे आणि ‘हे येतच होते’ असे म्हणून पान उलटायचे. प्रशिक्षक म्हणून परीक्षार्थींसमोर उभी राहताना मला सातत्याने असे दिसते की, या रीतीने ढीगभर प्रसंग वाचून आलेली व्यक्ती लेखी परीक्षेत सहज उत्तीर्ण होते आणि मॅनिकिनपाशी (सरावाच्या पुतळ्यापाशी) आल्यावर मात्र पहिल्या अर्ध्या मिनिटातच थबकते. तिचे वाचन कमी पडलेले नसते, पण तिथे जे करून दाखवायचे असते त्याचा सराव तिने केलेलाच नसतो. म्हणून सराव-प्रसंग नेमके कसे करावेत यावर सविस्तर लिहिते आहे. इतरांनीही आपापली पद्धत मांडावी, अशी विनंती आहे.

छापील प्रसंगात रुग्णाचे वय, तक्रार, नाडी, रक्तदाब, मॉनिटरवरची हृदयाची लय हे सारे चार ओळींत एकत्र दिलेले असते आणि शेवटी प्रश्न एकच असतो: पुढची कृती कोणती? चार पर्यायांतला योग्य पर्याय ओळखता आला की काम झाले. मेगाकोडमध्ये, म्हणजे एसीएलएसच्या प्रात्यक्षिक परीक्षेत, यातले काहीही आपोआप मिळत नाही. परीक्षक ‘रुग्ण प्रतिसाद देत नाही’ एवढेच सांगतो आणि गप्प राहतो. नाडी तपासली तर नाडीविषयी कळते, मॉनिटर लावायला सांगितला तर लय दिसते, आणि रक्तदाब विचारलाच नाही तर तो शेवटपर्यंत कळत नाही. शिवाय समोर पर्याय नसतात, घड्याळ चालू असते आणि जे ठरवले ते सगळ्या चमूला ऐकू जाईल अशा आवाजात सांगावे लागते. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या अभ्यासक्रमात लेखी परीक्षेसाठी किमान ८४ टक्के गुण लागतात. पण ते मिळाले तरी प्रात्यक्षिकात स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावेच लागते.

आठवून सांगणे आणि पुन्हा वाचणे यांतला फरक रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून नीट दिसतो. मजकूर पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते, पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मजकूर आठवून लिहिण्याचा सराव केलेले विद्यार्थी पुढे गेले. पान उलटताना येणारा आत्मविश्वास कशामुळे फसवतो, याचे उत्तर मला यात सापडते.

माझी पद्धत अशी आहे. किमान दोघे, शक्यतो तिघे एकत्र या. एकाच्या हाती कार्ड द्या. ते इतरांनी पाहायचे नाही. कार्डाच्या वरच्या भागात मोठ्याने वाचायच्या दोनच ओळी असाव्यात, मधल्या भागात विचारल्यावरच द्यायची माहिती असावी आणि खालच्या भागात रुग्णाची अवस्था कोणत्या कृतीनंतर, किंवा कोणती कृती न झाल्यास किती वेळाने, बदलेल हे लिहिलेले असावे. हा तिसरा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि विकत मिळणाऱ्या संचांत बहुधा तोच नसतो.

एक प्रसंग जवळून पाहू. ५८ वर्षांचे गृहस्थ आहेत, अर्ध्या तासापासून धडधड होते आहे आणि छातीत दुखते आहे. मोठ्याने वाचायचे ते एवढेच. परीक्षार्थीने मॉनिटर मागितला की रुंद क्यूआरएसची (ईसीजीवर प्रत्येक ठोक्यासोबत उमटणाऱ्या टोकदार लहरीची), नियमित, मिनिटाला १८० ठोक्यांची लय दाखवायची. इथे अनेक जण लयीचे नाव शोधण्यात गुंततात. खरा निर्णय मात्र पुढच्या तीन प्रश्नांवर अवलंबून असतो: नाडी लागते आहे का, रक्तदाब किती आहे, आणि रुग्ण शुद्धीवर आहे का? विचारल्यावर कार्डधारक सांगतो की नाडी लागते, रक्तदाब ७८/५० आहे आणि गृहस्थ ग्लानीत आहेत. म्हणजे रुग्ण अस्थिर आहे आणि सिंक्रोनाइझ्ड कार्डिओव्हर्जन, म्हणजे ठोक्याशी वेळ जुळवून विजेचा शॉक देणे, करायचे आहे. परीक्षार्थीने डिफिब्रिलेटरवर (शॉक देणाऱ्या यंत्रावर) सिंक, म्हणजे ही वेळ जुळवण्याची सोय, सुरू करायला सांगावे, प्रत्येक आर लहरीवर (क्यूआरएसच्या उंच टोकावर) खूण उमटते आहे याची खात्री करावी, रुग्णाला गुंगीचे औषध देता येईल का याचा विचार बोलून दाखवावा, सर्वांना दूर व्हायला सांगावे आणि शॉक द्यावा.

आता कार्डाचा खालचा भाग. शॉकनंतर लय व्हीएफ होते (हृदय नुसते थरथरते) आणि नाडी नाहीशी होते. परीक्षार्थीने लगेच छातीवर दाब सुरू करायला लावून दुसरा शॉक मागितला, तर कार्डधारकाने एकच प्रश्न विचारावा: ‘सिंक चालू आहे की बंद?’ व्हीएफमध्ये यंत्राला आर लहर सापडत नाही, त्यामुळे सिंक चालू राहिले असेल तर बटण दाबूनही शॉक बाहेर पडणार नाही. बरीच यंत्रे प्रत्येक शॉकनंतर सिंक आपोआप बंद करतात, पण सगळी तसे करत नाहीत, आणि नेत्याने ते न पाहता गृहीत धरणे धोक्याचे आहे. उलट बाजूही तितकीच खरी आहे: कार्डिओव्हर्जन पुन्हा करायचे असेल आणि यंत्राने सिंक बंद केले असेल, तर ते पुन्हा सुरू करावे लागते. ही गोष्ट पुस्तकातल्या एका ओळीत असते आणि वाचताना डोळ्यांखालून निसटते. प्रसंगात एकदा शॉक ‘न बसल्याचा’ अनुभव घेतला की ती पुढे आठवावी लागत नाही.


नवी_स्टाफनर्स

धाग्याबद्दल मनापासून आभार, ताई. मी महिन्याभरात पहिल्यांदाच एसीएलएसला बसते आहे. माझी अडचण अशी आहे की, मॉनिटरवरची लय ओळखण्यातच माझा सगळा वेळ जातो आणि तोवर पुढे काय करायचे होते तेच डोक्यातून निघून जाते. औषधांचे डोस पाठ आहेत असे वाटते, पण कोणी अचानक विचारले की आकड्यांची सरमिसळ होते. लयींचे तक्ते आधी पक्के करावेत आणि मग प्रसंगांकडे वळावे, की दोन्ही बरोबर करावे?


भूलविभाग

दोन्ही बरोबर करावे, पण क्रम बदलावा. लय ओळखण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय लावा: या रुग्णाला नाडी आहे का? नाडी नसेल तर लयींच्या वीस नावांची गरज उरत नाही. शॉक देण्यासारख्या लयी दोनच, व्हीएफ आणि नाडीविरहित व्हीटी (हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून येणारी जलद लय). शॉक न देण्यासारख्या दोनच, असिस्टोल (सरळ रेषा) आणि पीईए (पडद्यावर ठोके दिसतात, पण नाडी नसते). एवढी विभागणी काही सेकंदांत करता आली की चमूचे हात थांबत नाहीत. नाडी असेल, तर लय मंद आहे की जलद आणि रुग्ण स्थिर आहे की अस्थिर, हे आधी ठरवावे. जलद असेल तर क्यूआरएस अरुंद की रुंद, नियमित की अनियमित, हे त्यानंतर. लयीचे अचूक नाव सर्वांत शेवटी आले तरी चालते, आणि अनेकदा ते न येताही योग्य उपचार होतो.

मॉनिटरवर सुरेख, नियमित, मिनिटाला ७० ठोक्यांची लय दाखवणारे आणि विचारल्याशिवाय ‘नाडी नाही’ हे न सांगणारे कार्ड प्रत्येकाने एकदा तरी करून पाहावे. पीईए ही पडद्यावर दिसणारी लय नाही, ती बोटांना कळणारी अवस्था आहे. छापील प्रश्नात ‘नाडी लागत नाही’ हे शब्द आधीच लिहिलेले असतात, म्हणून तिथे हा प्रश्न सोपा वाटतो. असिस्टोलच्या बाबतीत उलटी सवय हवी: सरळ रेषा दिसली की लीड (छातीवर लावलेली तार) सुटली आहे का आणि गेन (पडद्यावर लहर मोठी करून दाखवण्याची मात्रा) कमी आहे का, हे पाहायला सांगावे, मात्र त्यासाठी छातीवरचे दाब थांबवू नयेत.

डोसांविषयी. सरमिसळ होते कारण आपण आकडे औषधाच्या नावाशी जोडून पाठ करतो आणि परीक्षेत ते प्रसंगातल्या क्षणाशी जोडलेले लागतात. त्यामुळे असे म्हणून पाहा: ‘पीईए किंवा असिस्टोल आहे, म्हणून एपिनेफ्रिन १ मिलिग्रॅम शक्य तितक्या लवकर, आणि पुढे दर ३ ते ५ मिनिटांनी.’ ‘व्हीएफ आहे, दुसरा शॉक दिला, दाब सुरू झाले, आता एपिनेफ्रिन १ मिलिग्रॅम.’ ‘तिसऱ्या शॉकनंतरही व्हीएफ आहे, म्हणून ॲमिओडॅरोन ३०० मिलिग्रॅम, दुसरा डोस लागला तर १५०.’ ‘मंद लय आहे, रक्तदाब खालावला आहे, म्हणून ॲट्रोपिन १ मिलिग्रॅम, दर ३ ते ५ मिनिटांनी, एकूण ३ मिलिग्रॅमपर्यंत, उपयोग होत नसेल तर त्वचेवरून पेसिंग (विजेच्या बारीक धक्क्यांनी हृदयाचे ठोके चालवणे), किंवा डोपामिन अथवा एपिनेफ्रिनचे इन्फ्यूजन.’ संपूर्ण वाक्य मोठ्याने म्हणायचे. कारण आणि आकडा एका श्वासात आले की आकडा एकटा पडत नाही.

ॲडेनोसिनचे (जलद लयीवरच्या औषधाचे) मात्र वेगळे आहे. ६ मिलिग्रॅम आणि मग १२ मिलिग्रॅम हे सगळ्यांना माहीत असते, पण हे औषध रक्तात काही सेकंदच टिकते, म्हणून हृदयाला शक्य तितक्या जवळच्या मोठ्या शिरेतून झटकन द्यायचे, पाठोपाठ २० मिलिलीटर सलाइन सोडायचे आणि हात उंच करायचा, हे प्रसंगात प्रत्यक्ष करून पाहिल्याखेरीज सुचत नाही. सिरिंज हातात घेऊन कोरडा सराव करा. औषध एका सिरिंजमध्ये, सलाइन दुसऱ्यात, आणि दोन्ही जोडायला जागा एकच: तिथे खरी तारांबळ उडते.


रुग्णवाहिका_सेवा

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, पण चर्चा औषधांकडे फार लवकर वळली असे मला वाटते. मेगाकोडच्या सरावात मी हमखास पाहतो ती गोष्ट म्हणजे छातीवरचे दाब केवळ नावापुरते दिले जातात. एक जण मॅनिकिनवर हात ठेवून ‘मी कॉम्प्रेशन देतो आहे’ असे म्हणतो आणि बाकीचे लयींवर चर्चा करतात. त्या सरावातून दोन मिनिटे किती लांब असतात हे कोणालाच कळत नाही.

प्रौढांसाठी दाबांचा वेग मिनिटाला १०० ते १२०, खोली किमान ५ सेंटीमीटर आणि ६ पेक्षा अधिक नाही, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देणे, ३० दाबांमागे २ श्वास, आणि खंड १० सेकंदांच्या आत. हे आकडे सर्वांना तोंडपाठ असतात. दोन मिनिटे पूर्ण खोलीने दाब दिल्यावर मात्र शेवटच्या काही सेकंदांत हात उथळ पडू लागतात आणि माणूस नकळत छातीवर रेलून राहतो, हे शरीराला समजावे लागते. म्हणूनच दर दोन मिनिटांनी, किंवा दमल्यास त्याआधीही, दाब देणारा बदलायचा असतो. अदलाबदलीत पाच सेकंदांपेक्षा अधिक वेळ जाऊ नये. त्यासाठी दुसऱ्याने आधीच समोरच्या बाजूला गुडघे टेकून तयार राहायचे असते.

आमच्या सरावात एक जण केवळ घड्याळ लावून बसतो आणि छातीवर हात नसलेला प्रत्येक सेकंद मोजतो. एकूण वेळेपैकी किमान ६० टक्के वेळ दाब चालू असावेत असे मार्गदर्शक सूचना सांगतात, आणि चांगल्या चमूला ८० टक्क्यांच्या वर जाता येते. दहा मिनिटांच्या प्रसंगात चार मिनिटे हात थांबले तर प्रमाण ६० वर येऊन ठेपते. चार मिनिटे थांबलो हे ऐकल्यावर प्रत्येक चमू आधी नाकारतो. मग नोंद वाचून दाखवली की कळते, वेळ कुठे गेला: नाडी पाहताना पंधरा सेकंद, डिफिब्रिलेटर चार्ज होईपर्यंत सगळे हात वर करून उभे, शॉकनंतर ‘लय बदलली का’ म्हणून पडद्याकडे बघणे. नाडीची तपासणी किमान ५ आणि कमाल १० सेकंद. यंत्र चार्ज होत असताना दाब चालू. शॉक दिल्या क्षणी पुन्हा दाब, पडद्याकडे न पाहता, पुढची दोन मिनिटे. या तीन सवयी लागल्या तर प्रमाण आपोआप वर जाते.

बीएलएसच्या परीक्षार्थींसाठी आणखी एक. कार्डावर कधीतरी ‘रुग्ण अधूनमधून आचके दिल्यासारखा श्वास घेतो आहे’ असे जरूर लिहा. तसा श्वास हा सामान्य श्वास नव्हे, आणि नाडी नसेल तर तो हृदय बंद पडल्याचाच भाग मानून दाब सुरू करायचे असतात. ‘श्वास चालू आहे’ असे म्हणून थांबणारे परीक्षार्थी अजूनही बरेच दिसतात. बाहेर काम करताना तर हे रोजच समोर येते.


बालरुग्ण_कक्ष

पाल्सची (मुलांसाठीच्या लाइफ सपोर्ट परीक्षेची) तयारी करणाऱ्यांसाठी थोडे लिहिते, कारण प्रौढांचे प्रसंग केवळ आकडे बदलून वापरण्याची चूक सर्रास होते.

मुलांमध्ये हृदय बंद पडण्याचे कारण बहुधा श्वसनात किंवा शॉकच्या (इथे विजेच्या नव्हे, तर रक्ताभिसरण अपुरे पडण्याच्या) अवस्थेत दडलेले असते, त्यामुळे प्रसंगाची खरी परीक्षा हृदय बंद पडण्याच्या आधीच्या मिनिटांत असते. मूल कसे दिसते, श्वासाला किती कष्ट पडत आहेत, त्वचेचा रंग कसा आहे, हे दारातूनच टिपायचे असते. कार्डावर म्हणून आधी वर्णन हवे: नाकपुड्या फुलत आहेत, बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते आहे, मूल चिडचिड करत होते आणि आता शांत पडले आहे. हे ‘शांत पडणे’ सुधारणा म्हणून वाचणारा परीक्षार्थी आणि थकवा म्हणून वाचणारा परीक्षार्थी यांत सारा फरक आहे.

त्यानंतरचा निर्णयाचा क्षण म्हणजे नाडीचा वेग. प्राणवायू आणि बॅग-मास्कने श्वास देऊनही नाडी मिनिटाला ६० च्या खाली असेल आणि रक्ताभिसरण अपुरे दिसत असेल, तर नाडी लागत असतानाही दाब सुरू करायचे असतात. प्रौढांच्या सवयीने आलेले परीक्षार्थी इथे हमखास अडतात. दोन बचावकर्ते असतील तर प्रमाण १५ दाबांमागे २ श्वास, आणि खोली छातीच्या जाडीच्या किमान एक तृतीयांश.

वजनावरचे हिशेब कागदावर नव्हे, तोंडाने करायचा सराव ठेवा. मूल १४ किलोचे आहे: एपिनेफ्रिन किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे ०.१४ मिलिग्रॅम, मिलिलीटरमध्ये ०.१ मिलिग्रॅम असलेले द्रावण वापरले तर १.४ मिलिलीटर. पहिला शॉक किलोला २ ज्यूल, म्हणजे २८. दुसरा किलोला ४, म्हणजे ५६. कार्डधारकाने प्रत्येक वेळी वजन बदलावे आणि ते विचारल्याशिवाय सांगू नये.


जुना_वाचक

विषयाला धरूनच, पण थोडा मतभेद नोंदवतो. माहिती लपवून, मध्येच अवस्था पालटून सराव घेणे हे ज्यांचा पाया तयार आहे त्यांच्यासाठी ठीक आहे. पहिल्यांदा शिकणाऱ्या व्यक्तीला असे प्रसंग दिले तर ती गोंधळते, घाबरते आणि त्या घाबरण्यातून काहीच शिकत नाही. मी स्वतः नव्यांना आधी संपूर्ण प्रसंग वाचायला देतो, काय होणार ते सांगतो आणि मग तोच प्रसंग तीनदा करवून घेतो. त्यात त्यांचे हात आणि तोंड एकमेकांना सरावतात.

दुसरे म्हणजे, ‘परीक्षेत आलेले प्रश्न’ म्हणून जे संच हातोहात फिरतात त्यांच्यापासून दूर राहावे. ते वापरणे गैर आहेच, शिवाय ते जुने असतात. ॲट्रोपिनचा डोस पूर्वी ०.५ मिलिग्रॅम होता, २०२० च्या अमेरिकन सूचनांत तो १ मिलिग्रॅम झाला. फिरणाऱ्या संचांत अजून ०.५ दिसतो. घशात काही अडकलेल्या प्रौढासाठी २०२५ च्या अमेरिकन सूचनांनी आधी पाठीवर पाच थापा आणि मग पोटावर पाच दाब असा क्रम दिला आहे. जुन्या संचांत थापांचा उल्लेखही नसतो. युरोपियन रिससिटेशन काउन्सिलच्या अभ्यासक्रमात व्हीएफसाठी ॲड्रेनॅलिन (एपिनेफ्रिनचेच दुसरे नाव) तिसऱ्या शॉकनंतर दिले जाते, अमेरिकन आराखड्यात दुसऱ्या शॉकनंतर. दोन्हीकडचे प्रसंग एकत्र करून अभ्यास करणारा विद्यार्थी विनाकारण गोंधळतो. आपण ज्या अभ्यासक्रमाला बसतो त्याचे चालू पुस्तक समोर ठेवून प्रत्येक कार्ड तपासावे आणि कार्डाच्या कोपऱ्यात सूचनांचे वर्ष लिहावे.


रात्रपाळी

जुना_वाचक, आपला पहिला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि मूळ लेखात तो यायला हवा होता. पहिली फेरी उघड्या कार्डाने, दुसरी झाकलेल्या कार्डाने, असा क्रम योग्यच आहे. माझा आग्रह एवढाच की सराव पहिल्या फेरीवर थांबू नये. तोच प्रसंग तीनदा केल्यावर चौथ्यांदा फक्त शेवट बदलावा. पेसिंगचे कार्ड यासाठी चांगले आहे. तीन वेळा पेसिंग सुरू केल्यावर रुग्ण सुधारतो. चौथ्यांदा पडद्यावर पेसरच्या रेघा दिसतात, पण प्रत्येक रेघेमागे रुंद क्यूआरएस उमटत नाही. परीक्षार्थी करंट वाढवतो का, आणि क्यूआरएस उमटू लागल्यावरही मांडीच्या नाडीवर बोट ठेवून प्रत्येक ठोका खरोखर रक्त पुढे ढकलतो आहे याची खात्री करतो का, हे पाहायचे. मानेची नाडी इथे फसवते, कारण पेसिंगच्या धक्क्यांनी स्नायू आखडतात आणि बोटांना तेच नाडीसारखे वाटते.

सूचनांचे वर्ष कार्डावर लिहिण्याची सूचना मी आजपासूनच अमलात आणते.


नवी_स्टाफनर्स

सर्वांचे आभार. काल दोन सहकाऱ्यांबरोबर उघड्या कार्डाने पहिली फेरी केली. एक नवी अडचण लक्षात आली. नेतृत्वाची पाळी माझ्यावर आली तेव्हा काय करायचे ते मला कळत होते, पण माझ्याहून अनुभवी सिस्टरना मोठ्याने काम सांगताना जीभ अडखळते. मी ‘कोणीतरी एपिनेफ्रिन द्या ना’ असे म्हणत राहिले आणि दोघींपैकी कोणीच हलले नाही.


भूलविभाग

याचाही सराव करता येतो, आणि तो औषधांइतकाच गंभीरपणे करावा. ‘कोणीतरी’ हा शब्द सरावात वर्ज्य करा. नेता, दाब देणारा, श्वासमार्ग सांभाळणारा, मॉनिटर आणि डिफिब्रिलेटर पाहणारा, औषधे देणारा, वेळ आणि नोंद ठेवणारा अशा सहा भूमिका प्रसंगाच्या सुरुवातीला नावानिशी वाटा. तिघीच असाल तर प्रत्येकीकडे दोन-दोन भूमिका द्या, पण त्या उच्चारून द्या. मग काम असे सांगा: ‘सिस्टर, एपिनेफ्रिन एक मिलिग्रॅम शिरेतून द्या.’ त्यांनी म्हणायचे, ‘एपिनेफ्रिन एक मिलिग्रॅम शिरेतून देते आहे,’ आणि दिल्यावर, ‘एपिनेफ्रिन एक मिलिग्रॅम दिले.’ नोंद ठेवणारीने लगेच वेळ उच्चारायची. आदरार्थी बोलण्याने आदेशाची स्पष्टता कमी होत नाही. कोणाला आणि काय सांगितले हे मोघम राहिले की ती कमी होते. ‘सिस्टर, तुम्ही’ म्हणूनही काम नेमके सांगता येते.

उलट दिशेचा सरावही हवा. कार्डधारकाने अधूनमधून नेत्याच्या तोंडून मुद्दाम चुकीचा आदेश येईल अशी व्यवस्था करावी, उदाहरणार्थ असिस्टोलमध्ये शॉक. चमूतल्या सर्वांत कनिष्ठ व्यक्तीने तो थांबवायचा: ‘सर, ही असिस्टोल आहे, शॉक द्यायचा आहे का, पुन्हा पाहूया.’ हे वाक्य पहिल्यांदा खऱ्या रुग्णासमोर उच्चारावे लागू नये.


रुग्णवाहिका_सेवा

एक भर. प्रसंग नाडी परत आल्यावर संपवू नका. ‘नाडी लागली’ म्हटले की सगळे हसतात आणि कार्ड बाजूला ठेवतात. परीक्षक मात्र पुढे पाहत असतो: श्वासमार्ग नीट आहे का, बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची लहर दिसते का, सिस्टोलिक रक्तदाब ९० च्या आणि सरासरी रक्तदाब ६५ च्या वर ठेवण्यासाठी काय केले, बारा लीडचा ईसीजी मागितला का, आणि रुग्ण आज्ञा पाळत नसेल तर शरीराच्या तापमानाचे नियंत्रण बोलून दाखवले का. आमच्या कार्डांत नाडी परत आल्यानंतर चार मिनिटे प्रसंग चालतो आणि कधीकधी तिसऱ्या मिनिटाला व्हीएफ परत येते.


नवी_स्टाफनर्स

आम्ही पुढच्या बैठकीसाठी पीईएचे कार्ड तयार करतो आहोत. कारण टेन्शन न्यूमोथोरॅक्स (छातीत हवा साठून फुप्फुस आणि हृदय दाबले जाणे) ठेवायचे आहे. रुग्ण दम्याचा आहे, श्वासनलिकेत नळी टाकलेली आहे, व्हेंटिलेटरवर आहे. यातली कोणती माहिती उघड ठेवावी आणि कोणती झाकावी?


रात्रपाळी

मोठ्याने एवढेच वाचा: ‘दम्याचा रुग्ण, व्हेंटिलेटरवर, श्वासमार्गातल्या दाबाचा अलार्म वाजतो आहे, मॉनिटरवर मिनिटाला ११० ठोके.’ नाडी नाही हे झाकलेले ठेवा. परीक्षार्थीने नाडी पाहिली आणि दाब सुरू करवले, की त्याने रुग्णाला व्हेंटिलेटरवरून काढून बॅगने हाताने श्वास द्यायला सांगितले का, ते पाहा. सांगितले तर उत्तर द्या: ‘बॅग दाबायला फार जड जाते आहे.’ इथून त्याने नळी सरकली आहे का, नळीत काही अडकले आहे का, छातीत हवा साठली आहे का, यंत्रात बिघाड आहे का, असे चारही प्रश्न एकेक करून सोडवायला हवेत. कार्बन डायऑक्साइडची लहर विचारली तर ‘आहे, पण आकडा कमी’. सक्शनची नळी घालायला सांगितली तर ‘सहज आत गेली’. श्वासाचे आवाज विचारले तर बाजू विचारल्याशिवाय उत्तर देऊ नका. ‘दोन्ही बाजू ऐका’ असे म्हटले तरच सांगा की डावीकडे आवाज नाही. मानेच्या शिरा आणि श्वासनलिकेची जागा ही माहिती वेगळी विचारली तरच द्या.

सुईने हवा मोकळी करायचा निर्णय झाला की बाजू मोठ्याने उच्चारायला लावा आणि तोवर छातीवरचे दाब थांबलेले नाहीत ना, हे घड्याळवालीला विचारा. एपिनेफ्रिनचे दोन डोस होऊनही कारणाचा शोध सुरू झाला नसेल, तर लय असिस्टोलवर न्या, प्रसंग तिथेच थांबवा आणि कार्ड पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू करा.